कापूरची घोंगडी

कोळंबवाडीच्या इनामदारांना कुणाच्याही कामात खोट काढायची भारी हौस. त्यांचा लाडका कुत्रा कापूर नावासारखाच पांढराशुभ्र. तो अगदीच थकला, तेव्हा वहिनीसाहेबांनी गोदू चितारणीला बोलावून घेतलं. "हा आहे तोवर याचं एक चित्र काढून दे गं, मानाचं लुगडं देऊ तुला," त्या म्हणाल्या.

गोदूचं सारं काम काळ्या शाईचं. इनामदार मिशीवर ताव देत म्हणाले, "काढ की! पण आमच्या कापूरच्या अंगावर एक डाग नाही. चित्रात त्याच्या अंगावर शाईचा थेंब जरी दिसला, तरी मानाचं लुगडं विसर."

"विसरायची सवय नाही मला, सरकार," म्हणत गोदूने कुंचला बुडवला.

कापूर काळ्या घोंगडीवर नाक शेपटीत खुपसून निजला होता. गोदूने नुसती घोंगडी रंगवली, पार सुरकुत्यांसकट, आणि मधली जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या कागदात कापूर हुबेहूब निजलेला दिसू लागला. वहिनीसाहेबांचे डोळे भरून आले.

इनामदार मात्र खेकसले, "हे तर घोंगडीचं चित्र झालं! कुत्र्याला तुझा कुंचला लागलाच कुठे? मग लुगडं कसलं?"

"खरंय, सरकार." गोदूने शांतपणे कागद कापायची कात्री काढली. "घोंगडी मी काढली, ती मी कापून नेते. कुत्रा तुमचा, तो तुम्ही ठेवून घ्या."

वहिनीसाहेबांनी झडप घालून चित्र छातीशी धरलं आणि त्या नवऱ्यावर कडाडल्या, "आधी ते लुगडं आणा! या वयात त्याला नुसत्या फरशीवर निजवताय?"