काशीअक्कांनी दिलेला शब्द

“मग दोघांतल्या कुणाला, अप्पा? तेवढं एक नाव सांगा, की मी उठले.”

मठाचे स्वामी अप्पा ओट्यावर बसून कंदिलाची काच पुसत होते. टेकडीवर संध्याकाळी वीज गेली की गेलीच, म्हणून उजेड आहे तोवर काच पुसून ठेवायची, ही त्यांची रोजची रीत.

समोर काशीअक्का बिराजदार. खाली तालुक्याच्या गावात कोष्टी गल्लीत राहणाऱ्या, दर सोमवारी मठ झाडायला येणाऱ्या, आणि आसपासच्या गावांत लग्नं जुळवणाऱ्या. आपण जुळवलेलं लग्न आजवर मोडलेलं नाही, असं अक्का सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत.

“आज सोमवार नाही,” अप्पा म्हणाले.

“परवा मतदान आहे. सोमवारची वाट बघून कसं चालेल?”

“आमदारकीचं?”

“हो. अंकलगेसाहेब पुन्हा उभे आहेत, आणि समोर दुधभातेबाई. बाकीचे आपले हौसेचे.”

“तपास केला असशील.”

“केला की! स्थळाचा करते तसा केला.” अक्का पदर सावरून नीट बसल्या. हा त्यांचा हातखंडा विषय. “तहसीलच्या भिंतीवर दोघांची प्रतिज्ञापत्रं लावलीत, ती पुतण्याकडून वाचून घेतली. साहेब बारावी. घर तालेवार. दोन खटले आहेत, पण ते मोर्चातले म्हणे. बाई वकील. खटला नाही. नवरा मास्तर, गरीब माणूस. सासूला नीट सांभाळते. हे मात्र तिच्या शेजारणीकडून काढलं.”

“सासूचंही काढलंस?”

“खरं तिथंच कळतं, अप्पा.”

अप्पा हसले. काचेत फुंकर मारली. फडक्याचं दुसरं टोक घेतलं.

“आणि काम?”

“कसलं काम?”

“निवडून गेल्यावर करायचं, ते.”

“आता काय… गटार, नळाचं पाणी, उत्सवाला मांडव…”

“गटार नगरपालिकेचं. नळही तिचाच. मांडव तुम्ही घालता.”

“मग आमदाराचं काय राहिलं?”

“मी तेच विचारतोय.”

शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं अक्कांना वाटलं.

“मुंबईला बसून कायदे करायचे… आणि आपल्याकडे जे नाही, ते उभं राहून सरकारला विचारायचं.”

“बरोबर. मग पाच वर्षांत अंकलगे काय विचारून आले?”

“भाषण तर फार छान करतात. मागच्या दसऱ्याला आमच्या चौकात—”

“तिथं काय बोलले?”

“…ते नाही काढलं.”

“आणि बाई गेल्या तर काय विचारणार?”

“तेही नाही.”

खालून गावातला भोंगा ऐकू येत होता. पाच वाजले की प्रचार बंद होणार, म्हणून दोन्हीकडचे घसा फाटेस्तोवर ओरडून घेत होते. कोण काय म्हणतंय, ते टेकडीवर कळत नव्हतं.

“काशी, तू नाव विचारायला आली नाहीस,” अप्पा म्हणाले. “काय झालंय, ते बोल.”

अक्कांनी इकडंतिकडं पाहिलं. ओट्यावर तिसरं कुणी नव्हतं.

“अंकलगेसाहेब घरी आले होते. गल्लीतल्या बायका जमवल्या होत्या मी. माझ्या हातचा उपमा खाल्ला. अक्का, अक्का करत होते. म्हणाले, गल्ली तुमच्या शब्दाबाहेर नाही. मी म्हटलं, साहेब, गल्लीची मतं तुमची. शब्द दिला…”

“बरं.”

“दुसऱ्या दिवशी बाई आल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, उंबऱ्यावरच टेकल्या. माझ्या हाताकडं बघून म्हणाल्या, या हातांनी किती संसार उभे केले असतील… आता माणसाचं मन आहे, अप्पा!”

“त्यांनाही दिलास?”

अक्का ओट्याच्या फरशीवर नखानं रेघा ओढू लागल्या.

“म्हणजे एका नवरीसाठी दोन वरातींना आवतण,” अप्पा म्हणाले.

“हसू नका हो! एकाचा तर शब्द मोडणारच. आणि उद्या कुठल्या तोंडानं कुणाच्या दारात स्थळ घेऊन जाऊ? म्हणतील, हिच्या बोलण्याचा काय भरवसा? माझं सगळं त्या शब्दावर उभं आहे.”

“आणि मी नाव सांगितलं तर?”

“तर…” अक्कांचा आवाज खाली आला. “मठातून सांगणं आलं म्हटल्यावर कोण बोलणार?”

अप्पा मान खाली घालून काच फिरवत राहिले. अक्कांना वाटलं, नाव आठवतायत.

“तू स्थळ बघतेस तेव्हा मुलाचं सगळं काढतेस,” अप्पा म्हणाले. “मुलीला काय विचारतेस?”

“तिला तर पहिलं विचारते. न विचारता ठरवायचं म्हणजे पाप आहे. माझी लग्नं टिकतात ती काय उगाच?”

“या खेपेला मुलगी काय म्हणाली?”

“या खेपेला कुठली मुलगी?”

अप्पांनी खाली गावाकडं बोट केलं. कौलं, पत्रे, वाळत घातलेल्या साड्या… कोष्टी गल्ली तिथून तळहाताएवढी दिसत होती.

“गल्लीतल्या बायका माझं ऐकतात,” अक्का म्हणाल्या. पण मघाचा ठसका त्यात नव्हता.

“कुणीच काही म्हणालं नाही?”

“नाही… म्हणजे रेणुका काहीतरी विचारायला उठली होती. सुभद्राची सून. साहेब आले तेव्हा.”

“मग?”

“तिचं पहिलं बाळ गेलं ना, श्रावणात. रात्री इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरच नव्हता. सोलापूरला नेईपर्यंत जीपमध्येच…” अक्कांनी पदर तोंडाशी नेला. “आता पुन्हा दिवस आहेत तिला.”

“ती साहेबांना काय विचारत होती?”

“…माहीत नाही.”

“का?”

“मीच तिला खाली बसवलं. म्हटलं, पाहुण्यांसमोर काय रडगाणं लावलंयस. जा, चहा टाक.”

भोंगा एकदम थांबला. इतका वेळ तो वाजत होता, हे अक्कांना तेव्हा नीट कळलं.

“हात पुढं कर,” अप्पा म्हणाले.

प्रसाद असेल म्हणून अक्कांनी उजवा हात पुढं केला.

“डावा.”

अप्पांचा अंगठा काजळीनं काळा झाला होता. त्यांनी तो अक्कांच्या डाव्या तर्जनीच्या नखावर टेकवला. मतदानाच्या दिवशी शाई लावतात, तसा.

“हे तुझं.”

मग शेजारचं बोट धरलं.

“हे सुभद्राचं.”

“अहो अप्पा, शाई एकाच बोटाला—”

“हे रेणुकाचं. हे कुणाचं?”

“…चंदाबाईचं,” अक्कांच्या तोंडून निघून गेलं.

“हे?”

“तिच्या जावेचं. पण त्या दोघींचं पटत नाही हो, एकीनं उगवती म्हटलं की दुसरी मावळती म्हणणार. त्या कशा एकाच…”

अप्पांनी डावा हात सोडला, उजवा घेतला. एकेक बोट. एकेक नाव. नावं आता अक्काच सांगत होत्या, हळूहळू, आणि प्रत्येक नावाबरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक उंबरा येत होता. काही बायकांना आपण शेवटचं काही विचारलं होतं ते कधी, हे त्यांना आठवेना.

दहाही बोटं काळी झाली.

“बोटं संपली,” अप्पा म्हणाले. “बायका किती राहिल्या?”

दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून अक्का नुसत्या बसून राहिल्या. लग्नात मेंदी लावून बसलेली पोर बसते तशा. पदर घसरला तर सावरताही येईना.

अप्पांनी काच कंदिलात बसवली. वात वर केली.

“गल्लीतल्या सगळ्याजणी माझ्या ओसरीवर जमल्या असतील,” अक्का म्हणाल्या. “मठातून काय आणते म्हणून वाट बघत… आणि साहेबांचा माणूस येणार, बाईंचा येणार… मी काय सांगू त्यांना?”

अप्पांनी कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि अक्कांपुढं ठेवला.

“तुझं एक राहू दे. नऊ बोटं धुऊन जा.”