टांग्यामागची फटफटी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचक्रोशीत एखादीच फटफटी असायची आणि तिचा आवाज आला की बाया पोळी तव्यावर सोडून दारात यायच्या, त्या काळची. आता तसे आवाज राहिले नाहीत आणि दारात यायला कुणाला सवडही नाही. असो.

घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक फटफटीवाला राहायचा. फटफटी त्याच्या वडिलांची. वडील गेले, फटफटी म्हातारी झाली, पण रोज सकाळी तिसऱ्या किकला सुरू व्हायचीच. घाट मात्र तिला झेपत नसे. चौथ्या वळणाला मागच्या माणसाने उतरायचं आणि ढकलायचं, हा शिरस्ताच होता. आई तरुण होती तोवर पदर खोचून, हसत ढकलायची. आता तिचे गुडघे गेले होते. गाडी किंवा टांगा जाईल एवढी ती वाट रुंद नव्हती.

घाटापलीकडे आईची धाकटी बहीण राहायची. नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती. एक दिवस तिचा निरोप आला, "अक्का, डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललंय. वैद्य म्हणतात, फार तर दोन महिने दिसेल. दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा."

फटफटीवाल्याने मिस्त्रीचं घर गाठलं. मिस्त्रीने इंजिन उघडलं, सिलिंडर आतून रुंद केला आणि मोठा पिस्टन बसवला. सुरू केल्यावर आवाज असा भारदस्त आला, की फटफटीवाल्याला वडील आठवले आणि त्याचे डोळे भरून आले.

"आता ही आईला घेऊन घाट चढेल," मिस्त्री म्हणाला, "पण एकवीस दिवसांनी. पिस्टन नवा, सिलिंडरचं घर जुनं. दोघं एकमेकांच्या अंगवळणी पडायला हवेत. तोवर रोज बाजारच्या टांग्यामागून जायचं. पुढे काढायची नाही. घोडी पाणी प्यायला थांबली की तूही थांब, इंजिन गार होऊ दे."

मिस्त्रीच्या हातचं प्रत्येक इंजिन असंच टांग्यामागून रुळलेलं होतं. त्यामुळे गावाला ते नवं नव्हतं, पण चेष्टा करायचं गाव थोडंच सोडतंय? "काय रे, वरात कुणाची?" लोक पारावरून विचारायचे. फटफटीवाला वरवर हसायचा आणि आतून जळायचा.

नवव्या दिवशी हौदापाशी घोडीने त्याच्याकडे पाहिलं. गोष्टीतल्या घोड्या बोलतात, तुम्हाला ठाऊक आहेच. ती म्हणाली, "तोंड का पाडलंस?"

"मावशीचे डोळे चाललेत आणि मी तुझ्या शेपटाकडे बघत बसलोय."

"मला टांग्याला जुंपण्याआधी मालकाने वर्षभर नुसतं मोकळं फिरवलं. तेव्हा मलाही राग यायचा. पण आज वीस वर्षं ओढतेय."

"तुला काय, तुला वेळच वेळ," असं म्हणून त्याने किक मारली आणि धुरळा उडवत टांगा मागे टाकला. फटफटी सुसाट गेली. काहीसुद्धा झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन तो म्हणाला, "आई, उद्याच निघू."

"मिस्त्री एकवीस दिवस म्हणाले होते ना रे?"

"मिस्त्रींना कुठे मावशी आहे?"

आईने पुन्हा विचारलं नाही. तिलाही धीर नव्हताच. तिने रात्रीच लाडू बांधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी चौथं वळण आलं. फटफटी गर्जत वर चढली आणि आई जन्मात पहिल्यांदा न उतरता वर गेली. ती लहान मुलीसारखी हसली. पाचव्या वळणाला इंजिनातून किंकाळीसारखा आवाज आला, मागचं चाक जागीच अडकलं आणि सगळं थांबलं. आईला तो घाट गुडघे धरून, दर वळणाला बसत, पायी उतरावा लागला.

मिस्त्रीने इंजिन उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. मिस्त्री रागावला नाही. "दोन्ही गेले," एवढंच म्हणाला. दूरच्या शहरातून नवे यायला दोन महिने लागले. मग फटफटीवाला पुन्हा एकवीस दिवस टांग्यामागून गेला. या वेळी पारावर कुणी वरातीचं विचारलं नाही.

फटफटी घाट सहज चढली. मावशी अंगणात बसली होती. आवाज ऐकून ती उठली आणि दोन्ही हात पुढे करून चाचपडत आली. बहिणीच्या गालांवरून, सुरकुत्यांवरून तिने बोटं फिरवली.

"अक्का, गेल्या महिन्यापर्यंत दिसत होतं गं," ती म्हणाली. "रोज वाटेकडे तोंड करून बसायचे."

"माझ्यात आता बघण्यासारखं काय उरलंय," आई म्हणाली. मुलाकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

फटफटीवाला हँडल धरून उभा होता. एकवीस दिवस थांबला असता, तरी महिनाभराचा वेळ हातात राहिला असता. इंजिन इतकं सुरेख चालत होतं, की त्या आवाजाची त्याला लाज वाटली. त्याने ते बंद केलं.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: नव्याला रुळायला लागणारा वेळ जो वाचवायला जातो, तो ज्यासाठी घाई केली तेच गमावून बसतो.