पांढरे पट्टे

बर्फाच्या मुलखात माणूस पोचलाही नव्हता, तेव्हाची गोष्ट. नवरा मासे धरायला गेलेला आणि पेंग्विनबाई दगडांच्या घरट्यात अंडं उबवत बसलेली. घरट्याभोवतीचे विष्ठेचे पांढरे पट्टे पाहून एक सील नाक मुरडत म्हणाला, "शी! चुना सांडल्यासारखी घाण! आम्ही बघा, लघवी समुद्रात करतो."

पेंग्विनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण म्हणाली, "अगं, त्याचं काय ऐकतेस! लघवीत त्याचं केवढं तरी पाणी जातं. तो लघवीतून टाकतो तोच माशांतला नकोसा भाग आपण घट्ट पांढरा करून टाकतो. पाणी अंगातच राहतं, म्हणून तर इतके दिवस अंड्यावर बसता येतं. शेपटी बाहेर कर आणि उडव लांब."

पण तिला ते पटलं नाही. पोट जड झालं की ती उठून समुद्राकडे जाऊ लागली. एकदा परतली, तर घरट्यात नुसते दगड होते. शेजारच्या खडकावर स्कुआ नावाचा अंडीचोर पक्षी चोच पुसत होता.

पुढच्या वर्षी तोच सील पुन्हा आला. सगळ्यांत जास्त पांढरे पट्टे तिच्याच घरट्याभोवती होते. तो पुन्हा काहीतरी बोलला. ती जागची हलली नाही.