एका घावाची वाट

"आणि तुम्हा बेलदारांच्या मागं?"

"आमच्या मागं निशाणाचा घोडा."

"आणि घोड्याच्या मागं?"

"कवायती पलटण. मग तोफा. मग सुभेदार आन् त्यांची पागा. मग बाकीचं पायदळ..." जोत्याजीनं दाढीवरून हात फिरवला. "एवढी सगळी फौज माझ्या पाठीशी, आन् माझ्या पुढं कोन? कोनी न्हाई, बाबा. नुसतं रान."

"ते कळलं. पायदळाच्या मागं कोण?"

"असत्यात की. बाजारबुणगे."

"त्यांच्यात शेवटी कोण?"

"आता ते मी कसं सांगू? मी कवा मागं वळून बघितलंय?"

म्हाताऱ्या बुऱ्हाणबाबा फकिरानं चिलीम खाली ठेवली.

जोत्याजी बेलदार होता. फौज निघाली की तिच्या पुढं चालायचं, आडवी आलेली झाडंझुडपं तोडायची, ओढ्यात दगड टाकायचे, चढ खणून गाड्याजोगा करायचा, हे बेलदारांचं काम. लढणारे लढत, पण लढाईच्या जागी पोचत ते बेलदारांनी केलेल्या वाटेनं.

आणि रूप म्हणाल तर असं, की पलटण बघायला जमलेले लोक आधी बेलदारच बघत. खांद्यावर रुंद पात्याची कुऱ्हाड. छातीपासून नडगीपर्यंत लोंबणारं जाड कातडं, काट्याची आणि ढलप्याची मजाल नाही आत शिरायची. पायात नालाचे जोडे. आणि दाढी! पलटणीत बाकी सगळ्यांनी गाल गुळगुळीत ठेवायचे असा हुकूम होता, दाढी राखायची ती फक्त बेलदारांनी. जोत्याजीची तर छातीवर रुळत असे. दाढीला जेवढं करडईचं तेल लागतं तेवढं घरच्या दिव्यालाही लागत नाही, असं त्याची बायको भिवरा म्हणायची. तो ते कौतुक समजायचा.

सगळ्या बेलदारांच्या पुढं चालणारा तो बिनीचा बेलदार. त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला पितळी कडी असत. त्या वर्षी जुना बिनीचा बेलदार गुडघे धरले म्हणून घरी बसला होता, आणि ती कुऱ्हाड घाटमाथ्यावर बुऱ्हाणबाबाच्या तकियात, म्हणजे त्याच्या फकिरी मठीत, खुंटीला टांगलेली होती. फकिरी घेण्याआधी बाबा स्वतःच बिनीला चालत असे. तो ज्याच्या हाती कुऱ्हाड देईल त्यानं पुढं चालायचं, अशी पलटणीची रीत होती. सुभेदारसुद्धा त्यात तोंड घालत नसे.

दसरा होऊन गेला होता. फौजेचा तळ घाटाखाली पडला होता आणि फौज उद्या सकाळी वर चढायची होती. जोत्याजीला त्या कुऱ्हाडीवाचून दुसरं काही सुचत नव्हतं. बारशाला आलेल्या आत्यानं पाळण्यावर डोळा ठेवावा तसा तो खुंटीकडं बघत होता.

"मागायला आलास, बेटा?" बाबानं विचारलं.

"जी."

"आधी वाट कर. खालच्या ओढ्यापासून इथवर. उद्या फौज इथूनच चढेल."

बाकीचे बेलदार ओढ्यात दगड टाकत होते. वरचं सगळं रान जोत्याजीनं हट्टानं एकट्यानं अंगावर घेतलं. कारवी माजली होती, मधे मधे कळकाची बेटं, करवंदीच्या जाळ्या. त्यानं दाढी सारखी केली आणि ओढ्याकडून रानात घुसला.

तोडणं बघावं तर त्याचंच. एक घाव दोन तुकडे. कुऱ्हाड खांद्यावरून तिरकी यायची आणि कारवीची काठी आडवी व्हायची. थांबणं नाही, वाकणं नाही. उन्हं डोक्यावर यायच्या आत तो तकियासमोर येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता आणि चेहरा मात्र लग्नघरासारखा.

"बघा बाबा. एकाला एक घाव. कुठं दुसरा घाव घातलेला दिसला तर नाव बदलून ठेवीन."

बाबानं वरूनच वाट बघितली. भांग पाडल्यासारखी सरळ खाली गेली होती.

"वा... सरळ आहे."

"मग कुऱ्हाड?"

"देईन. आधी मला जरा मिरवू दे."

"जी?"

"कातडं अंगावर चढवून जमाना झाला रे. दे तुझं. जोडे पण दे."

जोत्याजीला हसू आलं. म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले, त्याला वाटलं, आणि म्हाताऱ्याचं मन राखलं तर आपलं काम सोपंच होईल. त्यानं स्वतःच्या हातानं बाबाच्या गळ्यात कातडं बांधलं. ते बाबाच्या घोट्यांपर्यंत आलं. जोड्यात बाबाचे पाय हरवले, तेव्हा चिंध्या कोंबल्या. बाबानं खुंटीवरची कडीवाली कुऱ्हाड काढून खांद्यावर टाकली आणि छाती पुढं काढली. छाती फारशी नव्हती, पण काढली.

"आता मी बिनीचा. तू माझी फौज."

"फौजेत मी कोन, बाबा?"

"तू शेवटला."

मग बाबानं तकियातल्या वाकळा, तवा, परात, पाटा, वरवंटा, सगळं एका धडप्यात बांधलं आणि ते बोचकं उचलून जोत्याजीच्या डोक्यावर ठेवलं.

"हे कशाला?"

"शेवटल्याच्या डोक्यावर संसार असतो. सांभाळ, परात एकच आहे."

निघाले. पुढं बाबा, टाचा आपटत, कुऱ्हाडीची कडी खुळखुळवत. मागं जोत्याजी अनवाणी, दोन्ही हात बोचक्याला.

"वाहवा!" बाबा ओरडला. "काय वाट आहे! कुणी केली रे?"

"म्यां केली, बाबा," जोत्याजी मागून म्हणाला आणि पुढचं पाऊल टाकलं...

कारवीचा खुंट तळव्यात शिरला.

तिरका घाव घातलेला खुंट होता तो. तासून ठेवलेल्या खिळ्यासारखा. जोत्याजीनं पाय सोडवला, दुसरा टाकला, तर तिथंही तेच. त्याला खाली बघायचं होतं. पण डोक्यावर ओझं असलं की मान वाकत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो चाचपडत पाय टाकू लागला. करवंदीचा तुटका फाटा उघड्या नडगीवर सर्रकन ओढला गेला.

"बाबा, जरा दमानं."

"बिनीचा कधी दमानं चालतो काय? फौज खोळंबेल!"

आणि बाबा चालतच राहिला. नालाखाली खुंट कडाकड मोडत होते, कातड्यावरून काटे घसरत होते. त्याला काहीसुद्धा लागत नव्हतं. मजेत गुणगुणत होता.

खुंटांपुढं कळकाचं बेट आलं. कळकाचा तिरका घाव म्हणजे भालाच. जोत्याजी कळवळला.

"बाबा, पायात गेलं हो!"

बाबानं मागं वळूनही बघितलं नाही.

"बघून चालावं माणसानं."

जोत्याजी जागच्या जागी थांबला.

हे बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. रोज संध्याकाळी मुक्काम पडला की तो भिवराला शोधत बुणग्यांच्या तळावर जायचा. ती तीन दगडांची चूल मांडून बसलेली असायची. एक पाऊल दुसऱ्या मांडीवर घेऊन सुईनं काटे काढत असायची. पाऊल रक्तानं भरलेलं असायचं. आणि तो, दिवसभर सगळ्यांच्या पुढं चालून आलेला, दाढी झटकत म्हणायचा, "बघून चालावं मानसानं." ती म्हणायची, "बघतेच की." मग सुई पदराला टोचून भाकरी थापायला घ्यायची.

किती मोहिमा झाल्या होत्या... तिच्या डोक्यावर बोचकं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच?

जोत्याजीला लाज वाटली. भर दुपारी, रानात, बघणारं कोणी नसताना वाटली, म्हणजे खरीच असावी. डोळे भरून आले. ओझं डोक्यावर होतं म्हणून पुसताही येईनात.

पुढची खुळखुळ थांबली. बाबा परत फिरून आला. त्यानं ते बोचकं उतरवून खाली ठेवलं.

"बाबा, सकाळी तुम्ही इचारलं, शेवटी कोन असतं..."

"हं."

"भिवरा असती."

"भिवरा कोण?"

"माजी कारभारीन."

बाबानं त्याच्या पायांकडं बघितलं. "मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"सकाळी..." जोत्याजीनं मान खाली घातली. आता ती वाकत होती. "सकाळी ध्यानातच न्हाई आली."

बाबा खडकावर टेकला. जोडे काढले, चिंध्या काढल्या, गळ्यातलं कातडं सोडलं आणि जोत्याजीपुढं धरलं.

"घे तुझं."

"जोड्यांना नाल हाय," जोत्याजी हळूच म्हणाला. "घोड्यांना हाय. तोफांच्या चाकाला लोखंडी धाव हाय. म्हनूनच कोनी कवा बोललं न्हाई, बाबा. ज्यांना लागत हुतं त्यांचा आवाज आमच्यापतूर येतच नव्हता."

"फार बोलतोस," बाबा म्हणाला.

जोत्याजीनं कातडं घेतलं, पण अंगावर नाही चढवलं. त्याची घडी घालून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर गुडघे टेकले. मग आपली कुऱ्हाड पात्याजवळ आखूड धरली आणि पहिला खुंट मातीबरोबर सपाट केला. मग दुसरा. मग घडी पुढं सरकवली.

बाबा मागून बघत होता.

"दुसरा घाव घातलास?"

"जी."

"मग नाव काय ठेवायचं?"

जोत्याजी आधी गोरामोरा झाला, आणि मग इतका हसला की कुऱ्हाड खाली ठेवावी लागली. म्हाताराही हसला. ओढ्यातल्या बेलदारांनी वर बघितलं, त्यांना काही कळलं नाही.

काम सावकाश चाललं. खाली वाकल्यावर दाढी मधे मधे येऊ लागली, तिच्यात काटक्या अडकू लागल्या. जोत्याजीनं सरळ तिची गाठ मारली आणि सदऱ्यात खोचली. बाबा अनवाणी मागून येत होता, एकेक पाऊल सगळं टेकवत. कुठं खुंट राहिला की तो बोलायचा नाही, नुसता तिथं उभा राहायचा. जोत्याजी गुडघ्यांवरच मागं सरकून यायचा, खुंट काढायचा, मग म्हातारा पुढं व्हायचा. ओढ्यापर्यंत एक बाजू झाली, वर येताना दुसरी.

अंग मोडून आलं होतं, पाय ठणकत होते, आणि तरी जोत्याजीला फार बरं वाटत होतं. उद्या संध्याकाळी भिवराच्या हातात सुई नसेल, एवढंच सारखं मनात येत होतं. आज रात्रीच तिला सांगावं का? नको. उद्या तिचं तिलाच कळू दे.

उन्हं कलली तेव्हा सुभेदार सुभानजी घोड्यावरून वर आला. तकियाजवळ दाढी खोचलेला, मातीनं माखलेला, लंगडणारा गडी दिसला, त्याच्याकडं त्यानं दोनदा बघितलं.

"हा कोण, बाबा? बेलदार की कुणी खुरपायला लावलेला?"

"विचारा त्यालाच."

"जोत्याजी, सरकार."

"अरे! कातडं कुठं तुझं?"

जोत्याजीनं काखेतली मळकी घडी दाखवली. सुभेदार काहीतरी बोलणार होता, पण त्याची नजर वाटेवर गेली. तो घोड्यावरून उतरला. दहा-बारा पावलं खाली गेला, परत आला.

"वाट बरी केलीय," तो म्हणाला. मग बाबाकडं वळला. "बाबा, पहाटे पलटण निघायची. बेलदार सगळे विचारताहेत. बिनीला कुणाला घालू?"

कडीवाली कुऱ्हाड पुन्हा खुंटीला लटकत होती. सकाळी जिच्यावाचून काही सुचत नव्हतं, तिची दुपारपासून आपल्याला एकदाही आठवण झाली नाही, हे जोत्याजीच्या आत्ता लक्षात आलं. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. त्यानं कुऱ्हाडीकडं बघितलं, वाटेकडं बघितलं, आणि आपले पाय धुवायला रांजणाशी जाऊन बसला.

बाबा चिलीम भरत होता.

"बाबा, उत्तर द्या की. रीत आहे पलटणीची. कुऱ्हाड कुणाला?"

बाबानं निखारा ठेवला, एक झुरका घेतला, धूर सोडला...

"द्या कुणालाही, सुभेदार. वाट झालीय."