न लोळणाऱ्यांचे शिंपले

"या रानात सगळ्यात स्वच्छ कोण, असं विचाराल तर मी. जन्मात एकदाही चिखलात लोळलो नाही," असे एका जंगलातला म्हातारा वानर भेटेल त्याला सांगत असे. ऐकणाऱ्याने कौतुकाने मान डोलावली की दात विचकून स्वतःच पुढे म्हणे, "म्हणजे, मला पाण्याची भीती वाटते."

हा वानर तळ्याकाठच्या उंबरावर राहत असे. मोराच्या डोक्यावर उष्टी उंबरे टाकणे, झोपलेल्या सशाच्या कानात फुंकर मारणे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. शिक्षण म्हणाल तर वीसपर्यंत. हातापायांची बोटे संपली की त्याची मोजणीही संपे. सगळे त्याच्यावर घटकाभर चिडत आणि मग हसत, कारण तो नसला तर दुपार सरता सरत नसे.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. तळे आटत आटत डुकराच्या गुडघ्याइतके उरले, आणि पावसाळ्याला अजून दीड महिना होता. सगळ्या रानाला प्यायला पाणी तेवढेच. त्यात दहा रानडुकरे दिवसातून दोन-दोनदा येऊन लोळत आणि पाण्याचे पिठले करून जात. तळ्यात एक म्हातारी कासवीण होती. तिला सगळे आत्या म्हणत. तिने सर्वांना बोलावले आणि सांगितले, "उद्यापासून मी रोज प्रत्येकाला तळातला एक शिंपला देईन. लोळायचं त्यानं तो मला परत द्यायचा आणि एकदाच लोळायचं. शिंपला नाही, तर लोळणं नाही." आणि कोणावर अन्याय नको म्हणून तिने शिंपले सगळ्या चाळीस जनावरांना वाटले. डुकरांना दिले, तसे ससा, मोर, मुंगूस, साळिंदर यांनाही दिले. ही मंडळी कधी लोळतच नसत, पण आत्याला वाटले, भेदभाव बरा नव्हे.

पहिल्याच दुपारी एक जाडे डुक्कर काठावर उगाच घुटमळताना वानराला दिसले.

"काय पाटील, अंगाची लाही झालेली दिसते."

"झाली की. पण माझा शिंपला सकाळीच गेला."

"माझा आहे ना. मला कुठं लोळायचंय? माझ्या वाटचं तुम्ही लोळा."

"आणि आत्या?"

"आत्या शिंपला बघते, थोबाड बघत नाही."

डुकराने मुसंडी मारून जमीन उकरली आणि मनगटाएवढा कंद आणून दिला. वानर तो खाऊन इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने मोरालाही सोडून दिले. दुसऱ्या सकाळी तो सशाकडे गेला. "तू लोळणार आहेस का?"

"छे रे."

"मग शिंपला काय कानात घालणार? दे इकडे, कंदाचा तुकडा देतो."

असे करत त्याने सगळ्या न लोळणाऱ्यांचे शिंपले गोळा केले. डुकरे खूश, ससा खूश, साळिंदर खूश. वानराचे पोट तर असे सुटले की फांदी बदलताना त्याला विचार करावा लागे. न लोळण्याचे इतके कंद मिळतात हे आधी कळते, तर आपण लहानपणापासूनच मन लावून लोळलो नसतो, असे त्याला वाटे.

नवव्या दिवशी कंद खाऊन वानराला तहान लागली. तो खाली उतरला, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि तोंडभर चिखल थुंकला. पलीकडे हरिणी पाण्याला नाक लावून तशीच मागे फिरत होती. मासे वर येऊन आ वासत होते. वानर तरातरा आत्याकडे गेला.

"आत्या, कोणीतरी नियम मोडतंय."

"कोणी नाही मोडत," आत्या म्हणाली. तिच्या पाठीवर चिखलाचा थर वाळला होता. "काल चाळीस शिंपले दिले, चाळीसच्या चाळीस परत आले. तरी पाणी का बिघडतंय, तेच मला कळत नाही."

वानर बोटे मोजू लागला. पूर्वी दहा डुकरे दोनदा लोळत, म्हणजे हातापायांची बोटे एकदा संपत. आता ती दोनदा संपत होती. त्याने डोके खाजवले.

"आत्या, चूक तुझी आहे आणि कंद माझ्या पोटात आहेत," असे म्हणून त्याने सगळे सांगून टाकले.

आत्या रागावली नाही. तिने त्याच दिवशी नियम बदलला. शिंपला फक्त डुकरांना, रोज एकच. त्याहून जास्त लोळायचे असेल, तर तळ्याच्या खालच्या अंगाला ओली जमीन आहे, तिथे स्वतः खड्डा खणा. "खणायचं कोणी?" डुकरे कुरकुरली. "कंदांसाठी अख्खं रान उकरलंत, तेव्हा कोणी खणलं?" आत्याने विचारले. डुकरांनी खणले. तिथला चिखल तळ्यातल्यापेक्षा गार निघाला आणि हाकलायलाही कोणी नव्हते, तेव्हा ती हळूहळू तळ्याकडे फिरकेनाशी झाली. चार दिवसांत गाळ खाली बसला. हरिणी पाण्यावर येऊ लागली. वानराला पाण्यात आपले तोंड दिसले आणि ते पाहून तो बराच वेळ हसला.

फक्त एक गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली होती. नियम बदलला त्या सकाळी गोळा केलेले बारा शिंपले त्याच्याकडे तसेच पडून होते आणि एकही डुक्कर ते घेईना. शेवटी त्याने ते आत्यापुढे ओतले.

"आत्या, आम्ही लोळत नाही याचं तुला काहीच मोल नाही का? यांचा एखादा तरी कंद देशील की नाही?"

आत्याने शिंपले त्याच्याकडे परत सरकवले. "देईन की रे बाबा. आधी बारा दिवस त्या खड्ड्यात लोळ. तेराव्या दिवशी लोळायचं सोडलंस, तर कमळाचा कंद मी स्वतः आणून देते."

तात्पर्य : जी नासाडी आपण करणारच नव्हतो, ती टाळल्याचे मोल घेतले, तर नासाडी कमी होत नाही; ती करायला दुसऱ्याला परवानगी मिळते.