न दिलेला निरोप

घाटमाथ्यावरच्या कुंभेरी गावात भास्कर पडवळ नावाचा एक भारी हुशार माणूस राहायचा. त्याची हुशारी त्याला एकट्यालाच ठाऊक होती, ती गोष्ट वेगळी. शहरातली नोकरी सोडून तो बायकोला, म्हणजे नलूला घेऊन गावी आला आणि दरीच्या कडेला पाहुण्यांना उतरायला चार खोल्यांचं घर बांधून बसला. हे घर चाललं तर आपण तरलो, नाहीतर पुन्हा शहरात कुणाच्या तरी दाराशी उभं राहायचं, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

आणि घर चाललं की हो! पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली की भास्कर फाटकाकडे धावायचा. "या, या, या!" हातातली बॅग काढून घ्यायचा, गूळपाणी द्यायचा. नलूच्या हातची भाकरी तव्यावरून थेट ताटात यायची. माणसं खूश.

निघायच्या दिवशी मात्र गड्याचा नूर पालटायचा. दुपारी नवे पाहुणे यायचे असत, मग जुन्यांचा पाय कधी एकदाचा निघतो असं त्याला होई. ते दारात उभे राहून "येतो हं, दादा" म्हणत, तेव्हा हा पाठमोरा, पलंगावरच्या चादरी ओढत असायचा. आता, आपल्याकडे निघताना कुणी "जातो" म्हणत नाही. "येतो" म्हणतो, आणि घरच्याने त्याला "या" म्हणायचं असतं. ही रीत शेंबड्या पोरालाही कळते. भास्करलाही कळत होती, पण सवड कुणाला होती?

"अहो, माणूस ताटकळतो दारात. तोंडाने 'या' तरी म्हणा," नलू स्वयंपाकघरातून ओरडायची.

"आणि उशांचे अभ्रे कोण बदलणार? तुझा भाऊ?" हा म्हणायचा. झालं, विषय संपला.

वर्ष उलटलं. नवे पाहुणे येत होते, पण एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा काही येईना. आणि घरात भलतंच सुरू झालं.

भर दुपारी, चारही खोल्या रिकाम्या असताना, कोपऱ्यातल्या खोलीत कुणीतरी खोकायचं. नुकत्याच घातलेल्या पांढऱ्याशुभ्र उशीवर डोकं टेकल्यासारखा खळगा पडायचा. न्हाणीघरातून ओली पावलं निघायची आणि पलंगापाशी येऊन थांबायची. एकदा एका पाहुण्यांची लहान मुलगी नलूला म्हणाली, "काकू, आमच्या पलंगावर ते आजोबा बसलेत. ते कुठे झोपणार?" ते कुटुंब त्याच संध्याकाळी सामान आवरून निघून गेलं.

भास्करने नारळ फोडला, दाराला लिंबू-मिरची बांधली. लिंबू वाळून गेलं, खोकला होता तिथेच राहिला. मग मोबाइलवर एका पाहुण्याने शेरा लिहिला, "घर छान, जेवण उत्तम, पण गर्दी फार." त्या दिवशी तो पाहुणा घरात एकटाच उतरला होता. तो शेरा वाचून पुढची बुकिंगं एकेक करून रद्द व्हायला लागली.

नलू सुकत चालली. एक दिवस सकाळी तिने पिशवी भरली. "मी माहेरी जाऊन येते जरा. इथे माझा श्वास कोंडतो."

भास्कर ओट्यावर बसून त्या शेऱ्याला तावातावाने उत्तर लिहीत होता. नलू उंबऱ्यापाशी थांबली.

"येते हं."

याने मान वर केली नाही. ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि निघून गेली.

दुपार झाली. दरीतून धुकं वर आलं आणि अंगणातलं काही दिसेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. थप, थप, आणि मधूनच बांगड्या. भास्करला बरं वाटलं.

"आलीस होय परत? एस.टी. चुकली वाटतं! बरं, चहा टाक."

आतून नुसत्या बांगड्या वाजल्या. इतक्यात फोन वाजला. पलीकडे नलू होती.

"पोचले मी."

"कुठे पोचलीस?"

"माहेरी! आणखी कुठे? पण आल्यापासून कशातच जीव लागत नाही बघा. वहिनी म्हणते, वन्सं, तुम्ही आहात कुठे? आणि खरं सांगू, तिकडे परत यावंसंही वाटत नाही. तुम्ही साधं 'ये' म्हणाला नाहीत मला."

भास्करच्या पाठीमागे भाकरी थापणं चालूच होतं. त्याने वळून पाहिलं. चूल थंड, परात कोरडी, आत कुणी नाही. अरे देवा! निरोप सगळ्यांनी घेतला होता, पण त्याने तो कुणालाच दिला नव्हता. मग जाणार कोण? आणि जो धड गेलाच नाही, तो परत येणार कसा?

तो उठला. त्या खोलीत उतरलेले, सारखे खोकणारे म्हातारे गुरुजी त्याला आठवले. कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात उभं राहून त्याने हात जोडले. "गुरुजी, काठी घेतलीत ना? पायऱ्या ओल्या आहेत, जपून. या हं." त्याच्या खांद्याजवळून गार वारा सरकला आणि खोकला अंगणातून लांब गेला. पुढच्या खोलीत तो म्हणाला, "ताई, बाळाचं टोपडं नीट बांधा. या परत." असं एकेकाला आठवून त्याने निरोप दिला. शेवटच्या खोलीतल्याचा चेहराच त्याला आठवेना. "माफ करा हो, मी तुमच्याकडे कधी बघितलंच नाही," म्हणताना त्याला रडू फुटलं. तेव्हा कुठे त्या खोलीचं दार हलकेच वाजलं.

राहिलं स्वयंपाकघर. तिथे मात्र त्याचा पाय अडला. ही इथली गेली आणि माहेरची ती आलीच नाही तर? निदान बांगड्या तरी वाजू देत, असं त्याच्या मनात आलं. मग त्याला फोनवरचा तिचा तो रिकामा आवाज आठवला.

"नलू," तो म्हणाला, "माझं चुकलं. सुखाने जा. आणि... ये."

बांगड्या थांबल्या. घर इतकं शांत झालं की भास्करला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

दिवेलागणीला पुन्हा तिचा फोन आला. "अहो, आत्ता कुठे मला इथे आल्यासारखं वाटतंय. पोटभर जेवले. ऐकताय ना? उद्याच्याच गाडीने निघते."

"उद्या कशाला?" भास्कर म्हणाला. "चांगलं माहेरपण करून घे. मी आहे इथे."

तात्पर्य: येणाऱ्याला "या" सगळेच म्हणतात, निघालेल्याला जो मनापासून "या" म्हणतो, त्याच्याच दारी माणूस पुन्हा येतो.