तबिथाबाईच्या होडीतली रिकामी फळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. करंजठाणला गोदावरीवरचा पूल अजून व्हायचा होता, आणि नदी ओलांडायची तर एकच वाट होती, तबिथाबाईची होडी. तबिथाबाई म्हणजे एक काटकुळी विधवा. नवरा गेला तसं वल्हं तिच्या हाती आलं, आणि ते तिनं मरेपर्यंत सोडलं नाही.

तिच्या होडीच्या तोंडाशी एक फळी होती. तिच्यावर ती कुणाला बसू देत नसे. बाजाराच्या दिवशी माणसं कोंबून बसली तरी ती फळी रिकामीच. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिथं प्रभू बसतो." आणि वल्हवता वल्हवता त्या फळीशी बोलायची, घरच्या माणसाशी बोलावं तसं. डाळ महागली हे सांगायची, गुडघा दुखतो हे सांगायची, कधी कडाकडा भांडायचीसुद्धा. असं म्हणतात, की ती एकटी असली तरी होडी दोघांच्या वजनानं पाण्यात बसायची.

आता गावात ख्रिस्ती मंडळी होती, त्यांचं देऊळ होतं, म्हणजे चर्च, आणि देवळात शलमोनराव होते. मंडळीचे वडील, म्हणजे पंचच म्हणा ना. पहिलं बाक त्यांचं. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, रेशमी रुमालात गुंडाळलेलं, कोट पांढराशुभ्र, आणि प्रार्थना एवढी लांब, की मांडीवरची पोरं झोपून उठायची तरी आमेन येत नसे. उपासना चालवणारे पाळक बिचारे गरीब गाय. शलमोनराव म्हणतील ती पूर्व दिशा.

तबिथाबाई रविवारीही होडी घालायची. पलीकडच्या वस्तीवर औषध देणारं कुणी नव्हतं, आणि आजारी माणूस काही वार बघून पडत नाही. शलमोनरावांना हे खपेना. एके दिवशी त्यांनी तिला मंडळीसमोर बजावलं, "प्रभूच्या दिवशी वल्हं सोड आणि इथं उभी राहून क्षमा माग. नाहीतर प्रभुभोजनाला हात लावायचा नाही."

प्रभुभोजन! त्या मेजावरचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, यावर तर ती बाई जगत होती. काळीजच काढून घेतलं तिचं. पण ती वाकली नाही.

"मेज तुमचं न्हाई, वडील, त्येचं हाय," ती म्हणाली. "मला त्यो रोज भेटतो. वल्हं सोड असं त्यानं कंदी म्हटलं न्हाई." आणि भरल्या डोळ्यांनी घाटाकडे निघून गेली.

मग पावसाळ्यातला प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकरी निदान दुरून दिसावी म्हणून तबिथाबाई दाराशी, चपलांजवळ बसली होती. शलमोनरावांनी डोळे मिटून प्रार्थना धरली, आणि तेवढ्यात नदीकडून ओरडा आला. वरचं पाणी एकाएकी आलं होतं. मधल्या बेटावर उतरलेल्या धनगरांच्या बिऱ्हाडांना पुरानं वेढलं होतं.

मंडळी चुळबुळली. शलमोनरावांनी डोळे न उघडताच दरडावलं, "कुणी हलू नका! त्यांच्यासाठीही मीच मागतो आहे. जो आत्ता उठेल, तो देवासमोरून उठला असं समजा."

तबिथाबाई उठली.

"देव तर कवाच उठून नदीवर गेला," ती म्हणाली. "मीच मागं ऱ्हायले."

असं म्हणतात, की त्या पुरात हत्ती टिकला नसता. तिनं खेपांवर खेपा केल्या. बाया आणल्या, पोरं आणली, कोकरंसुद्धा आणली. शेवटच्या खेपेला एक थकलेला म्हातारा धनगर उरला, आणि होडीत तीळभर जागा नव्हती. होती ती एकच फळी. त्या म्हाताऱ्यानं येशूचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. तबिथाबाईनं फळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऊठ देवा, म्हाताऱ्याला जागा दे."

म्हातारा बसला. भर धारेत बाईचे हात गळाले, वल्हं निसटलं आणि वाहून गेलं. तरी होडी थांबेना. धार कापत ती सरळ काठाकडे निघाली. म्हाताऱ्यानं मागे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "बाई, मागनं कोण ढकलतंय?"

"हाय माझा एकजण. जागा सोडली म्हणून काय होडी सोडतोय व्हय त्यो? काठाला गेल्यावर वळख करून देते."

काठावर अख्खी मंडळी उभी होती. एकेक करून सगळे देवळातून निसटले होते. आणि पाळक, ज्यांनी शलमोनरावांपुढं कधी मान वर केली नव्हती, ते भाकरीचं ताट घेऊन चिखलात उभे होते. पहिला तुकडा त्यांनी तबिथाबाईच्या सोललेल्या तळहातावर ठेवला. तिकडे शलमोनरावांनी आमेन म्हणून डोळे उघडले, तर देवळात ते एकटेच, आणि मेजावर भाकरी नाही.

आज करंजठाणला पूल आहे. कुणाची प्रार्थना फार लांबली, की मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, "होडी सुटली हो!" होडी कधीच कुजली, पण ती फळी देवळात आहे, शलमोनरावांचं बाक काढून त्या जागी मांडलेली. तिच्यावर पाळक बसत नाहीत, पाटील बसत नाही, मोठा साहेब आला तरी तो मागेच. पण उपासनेत कुणी भिजलेला, थकलेला माणूस दाराशी आला, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, आणि बसायला जागा नसली, तर गावातली सगळ्यात म्हातारी बाई उठते. चालू प्रार्थना तोडून ती मोठ्यानं म्हणते, "ऊठ देवा, पाहुण्याला जागा दे."